‘मध्ये काही गळलं का?’

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आमच्या आदरणीय मदर, व्यासपीठावर बसलेले फादर, अंधशाळेच्या मुख्याध्यापिका, ‘दहा मिनिटं, बाई, फक्त दहा’ अशी ताकीद देऊन मला इथं उभं करणारे आमचे व्यवस्थापकसाहेब, ज्यांच्या मशीनचा आवाज आज पहिल्यांदाच बंद आहे ते मशिनमामा, तिसऱ्या रांगेत कानामागे हात धरून बसलेले आमचे निवृत्त पोस्टमनकाका, शाळेचे आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या ताई.

ताई, आधी तुमच्यासाठी दोन शब्द. सभागृह भरलेलं आहे, मागच्या दोन रांगा सोडून. मी ‘खचाखच भरलेलं’ म्हणणार होते, पण तुम्ही नंतर कोणाला तरी विचारलंच असतंत. तुमच्या उजव्या हाताला फुलांचा गुच्छ आहे. त्यातली पांढरी फुलं ताजी आहेत, तांबडी जरा मान टाकायला लागली आहेत. व्यवस्थापकसाहेबांनी नवा कोट घातला आहे. तो त्यांना खांद्यावर सैल होतो.

माफ करा साहेब. ही सवय मला ताईंमुळेच लागली. ती कशी लागली, तेच आज सांगायचं आहे.

खरं तर मला भाषण करता येत नाही. मला फक्त ‘हं’ म्हणता येतं. एकतीस वर्षं मी या छापखान्यात ‘हं’ म्हणण्याचा पगार घेतला. पाहुण्यांना हे कोडं वाटेल, म्हणून थोडं उलगडून सांगते. आपल्याकडे अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापतात. छापण्याआधी प्रूफ तपासावं लागतं. डोळस माणूस शिकला तर ठिपके वाचू शकतो, पण कागद पांढरा, ठिपकेही पांढरे, डोळा हमखास फसतो. बोट फसत नाही. म्हणून टेबलाच्या एका बाजूला बोट बसतं आणि दुसऱ्या बाजूला डोळा. बोट ठिपक्यांवरून फिरत मोठ्याने वाचतं, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. डोळ्यासमोर मूळ छापील पुस्तक असतं. ओळ जुळली की डोळा म्हणतो ‘हं’. नाही जुळली की म्हणतो ‘थांबा’. संपलं डोळ्याचं शब्दभांडार.

ताई म्हणजे बोट. मी म्हणजे डोळा. मशिनमामांनी आमची नावं पाडली बोटबाई आणि डोळेबाई. बाहेरच्या कोणाला आमची खरी नावं आज विचारली तर सांगता येतील की नाही, शंकाच आहे.

या कामाचा एक नियम होता. आम्हाला काम शिकवणाऱ्या वृद्ध सिस्टरनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता: बोटाच्या आधी डोळ्याने बोलायचं नाही. डोळ्याने पुढचा शब्द सांगून टाकला की बोट ऐकायला लागतं, वाचत नाही. आणि पानाच्या शेवटी डोळ्याने खोटं ‘हं’ म्हटलं, तर ती चूक शंभर शाळांमधल्या मुलांच्या बोटांखाली जाते. त्या म्हणायच्या, ‘तिच्याकडे पडताळून पाहायचं दुसरं साधन नाही, हे विसरू नकोस. तुझा शब्द हेच तिचं साधन.’ मी मान डोलावली होती. मान डोलावणं फार सोपं असतं, आणि ते ताईंना दिसतही नव्हतं.

दिवसभर विरामचिन्हं उच्चारून आमची जीभच तशी वळली होती. मामा दारातून विचारायचे, ‘ताई, चहा घेणार, प्रश्नचिन्ह?’ ताई ठिपक्यांवरचं बोट न उचलता म्हणायच्या, ‘घेणार, पूर्णविराम. साखर कालच्यासारखी नको, उद्गारचिन्ह.’ ताईंच्या डाव्या हाताची तर्जनी म्हणजे छापखान्याची मालमत्ता. त्या बोटाने कधी सुरी धरली नाही. थंडीत बोटं आखडायची, म्हणून टेबलावर कोमट पाण्याचं भांडं असायचं. एकदा कागदाची कड लागून बोट चिरलं. दोन दिवस काम थांबलं आणि येणारा-जाणारा विचारू लागला, ‘बोट कसं आहे?’ तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, ‘बोट बरं आहे. बाकीची मीही बरी आहे. कोणी विचारलं नाही, म्हणून आपलं सांगितलं.’

हसा, हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

व्यवस्थापकसाहेबांनी मला मुद्दे लिहून दिले आहेत. सचोटी, चिकाटी, वक्तशीरपणा. हे सगळे गुण ताईंच्यात आहेत, आणि पुढचे वक्ते त्यांच्यावर बोलतील. मी बोलणार आहे ते ताईंनी मला केलेल्या क्षमेबद्दल. परवानगी घेतली आहे. ताई म्हणाल्या, ‘सगळं सांग. अर्धं सांगणार असशील तर गुच्छ देऊन खाली बस.’

ताईंचे डोळे सहाव्या वर्षी तापात गेले. आई-वडील लवकर वारले. मागे राहिला थोरला भाऊ आणि एक धाकटी बहीण. ताई शाळेत आल्या, इथंच शिकल्या, इथंच नोकरीला लागल्या. दर महिन्याला भावाचं पत्र यायचं. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखालच्या बाकावर बसून मी ते वाचून दाखवायचे, सवयीने विरामचिन्हांसकट. त्यांचं सगळं घर माझ्या आवाजातून त्यांच्यापर्यंत पोहोचायचं. भावाच्या अंगणातली विहीर, वहिनीचं गुडघेदुखीचं रडगाणं, धाकटीचं शिवणकाम. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज लाज वाटते ती त्या अभिमानाची. मला वाटायचं, मी ताईंना काहीतरी देते आहे. खरं तर ते सगळं त्यांचंच होतं. माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं.

आमच्या ओळखीला नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. म्हणजे आजपासून बावीस वर्षांपूर्वीची. भावाचं पत्र आलं. धाकटीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, चर्चमध्ये गाणारा, लग्नानंतर दोघं परदेशी जाणार. तारीख दिली होती, वेळ दिली होती. ताईंचा चेहरा असा उजळला की बाकावर ऊन आलंय असं वाटावं. आणि मग नवा परिच्छेद.

आमच्या धंद्यात डोळा आवाजाच्या एक ओळ पुढे पळतो. त्यामुळे तो परिच्छेद मला उच्चारण्याआधीच दिसला. तो असा होता: ‘तू मात्र येऊ नकोस. मुलाकडच्यांना तुझ्याविषयी आम्ही बोललेलो नाही. तुझे डोळे आजारपणात गेले हे खरं, पण लोक अशा गोष्टी रक्तात शोधतात. लग्न पार पडू दे, मग धाकटीला घेऊन मीच तुझ्याकडे येईन. समजून घेशील.’

मी तो वाचला नाही. आवाजही न अडखळू देता खालच्या ओळीवर उडी मारली. ‘सगळ्यांचे आशीर्वाद, पूर्णविराम. तुझा भाऊ, पूर्णविराम.’

ताईंनी मान जराशी कलती केली. मग म्हणाल्या, ‘मध्ये काही गळलं का गं?’

‘नाही ताई.’

‘नाही, तारखेवरून एकदम आशीर्वादावर गेला म्हणून वाटलं.’

‘तुमच्या भावाला लिहायचा कंटाळा, दुसरं काय,’ असं म्हणून मी हसलेसुद्धा.

हे हसू मला अजून ऐकू येतं.

मी हे का केलं? बरीच वर्षं माझं उत्तर तयार होतं: त्यांना दुखवायचं नव्हतं. खोटं नाही ते. पण पुरेसंही नाही. त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोर ती वाक्यं उच्चारणं मला जड जात होतं. मला. त्यांना काय सोसवेल हे मी ठरवलं, आणि जे मला सोसवत नव्हतं ते गाळलं. मनाशी म्हटलं, नाहीतरी ताई कुठे जाणार आहेत? नऊ वर्षांत त्यांनी एक रजा घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजेचा अर्ज दिला.

पुढे तीन आठवडे होते माझ्याकडे. तीन आठवडे म्हणजे रोज आठ तास समोरासमोर बसणं. रोज संध्याकाळी घरी जाताना ठरवायचे, उद्या सांगेन. आणि दुसऱ्या दिवशी ताई म्हणायच्या, ‘चल, माझ्याबरोबर कापड घ्यायला.’ मी गेले. दुकानदाराने निळं कापड काढलं. ताईंनी विचारलं, ‘निळा म्हणजे कसला?’ मी म्हटलं, ‘मारियामातेच्या शालीचा असतो तसा.’ सहा वर्षांपर्यंतचे रंग त्यांना आठवत होते. त्या कापडावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘मग हाच.’ बहिणीला द्यायला त्यांनी स्वतः लेसचं टेबलक्लॉथ विणलं होतं. त्यातला एक टाका चुकला होता. तो मी त्यांना लगेच दाखवला, आणि त्यांनी उसवून नीट केला. बघा, टाका दाखवला मी.

एकदा धीर करून म्हटलं, ‘ताई, प्रवास लांबचा. नाही गेलात तर?’

त्या म्हणाल्या, ‘बहीण एकच आहे गं. चालायला मी शिकवलं तिला. दोघीही धडपडायचो.’

मीच त्यांना बसमध्ये बसवलं. कंडक्टरला सांगितलं, नीट उतरवा. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, मी तो धरला, आणि म्हटलं, ‘ताई, छान दिसताय.’ तेवढं मात्र खरं होतं.

तिथं काय झालं ते ताईंनी मला एकदाच, अगदी थोडक्यात सांगितलं. चर्चच्या दारात वहिनीने हात धरला आणि वेदीमागच्या खोलीत, फादरांचे झगे टांगलेले असतात तिथं, नेऊन बसवलं. ‘बाहेर गर्दी आहे, इथं बरं.’ मग भाऊ आला. दबक्या आवाजात म्हणाला, ‘मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं ना?’

आता विचार करा. त्या क्षणी ताईंना काय काय कळलं असेल. भाऊ काय म्हणतोय ते कळलं. पत्रात कुठे गळलं तेही कळलं. आणि कोणी गाळलं, तेही. ताई एवढंच म्हणाल्या, ‘हो, लिहिलं होतंस. मलाच राहवलं नाही.’

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

दाराआडून त्यांनी सगळं लग्न ऐकलं. गाणी, फादरांचा प्रश्न, धाकटीचं ‘होय’. मग लेसचं कापड खुर्चीवर ठेवलं, आणि घंटा वाजायच्या आत मागच्या दाराने, भिंतीला हात लावत बाहेर पडल्या.

सोमवारी त्या कामावर आल्या. भावाचं पत्र त्यांच्या पिशवीत होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘वाच.’

मी वाचलं. पहिल्यापासून. नवा परिच्छेद. तू मात्र येऊ नकोस, पूर्णविराम. सगळं. माझा आवाज कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही, पण एकही चिन्ह गाळलं नाही. शेवट झाल्यावर ताई म्हणाल्या, ‘हं.’ डोळ्याचा शब्द बोटाने उच्चारला, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी रडत होते. म्हटलं, ‘ताई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो.’

‘माहीत आहे.’

‘भावाने असं लिहायला नको होतं.’

‘त्याने लिहिलं ते वाईट होतं,’ ताई म्हणाल्या, ‘पण खरं होतं. खोटं तू वाचलंस.’ मग म्हणाल्या, ‘मी तुला क्षमा केली आहे. परत येताना बसमध्येच केली. काल चर्चमध्ये मिस्सा होता, मनात राग धरून वेदीपुढे ख्रिस्तशरीर कशी घेणार? तेव्हा तो विषय संपला. पण माझी पत्रं यापुढे तू वाचायची नाहीस. चल, पान एकशे बारा.’

आणि आम्ही पान एकशे बारापासून पुढे गेलो. भूगोलाचं पुस्तक होतं. नद्यांचा धडा.

आपण ख्रिस्ती माणसं क्षमेवर फार बोलतो. रोजच्या प्रार्थनेत क्षमा मागतो, आणि त्याच दमात दिल्याचंही देवाला कळवतो. माझ्या शाळेतल्या नन्सनी तर ‘माफ केलं’ म्हणून हात मिळवल्याशिवाय आम्हाला भांडणावरून उठूच दिलं नाही. त्यामुळे माझी समजूत अशी, की क्षमा झाली म्हणजे पाटी कोरी. जसं होतं तसं. मला पत्रं परत हवी होती हो! क्षमा मिळाली, तरी जिन्याखालचा बाक रिकामाच राहिला.

त्यानंतर ताईंची पत्रं वाचू लागले पोस्टमनकाका. फाटकातच, सायकलला टेकून. काका, रागावू नका, पण तुम्ही ती पत्रं अशी वाचायचात की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला वहिनींच्या गुडघ्याचं पथ्य पाठ झालं होतं. आम्हाला वर टेबलापर्यंत ऐकू यायचं. मी खिडकीशी उभी राहायचे. माझ्या मनात यायचं, ताईंना चारचौघांत पुकारलेलं चालतं, माझं हलक्या आवाजातलं चालत नाही. आणि मग लक्षात यायचं, की काका काही गाळायचे नाहीत. दुखेल म्हणून नाही, लाज वाटेल म्हणून नाही. तेव्हा तुम्हाला ते जमतंय म्हणून मी मनातल्या मनात तुमचा राग केला आहे, काका. आज सगळ्यांसमोर सांगते.

त्या काळात इथं एक वृद्ध फादर होते. आज ते नाहीत. पापनिवेदन तर मी कधीच केलं होतं, पण एकदा व्हरांड्यात त्यांना गाठून मी तक्रारच केली. म्हटलं, ‘फादर, ताई म्हणतात क्षमा केली, पण विश्वास ठेवत नाहीत. ही कसली क्षमा?’

ते गुलाबाला पाणी घालत होते. म्हणाले, ‘तुला क्षमा हवी होती की सवलत?’



मग त्यांनी प्रभूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढली. पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारलं. पुढे मेलेल्यांतून उठल्यावर प्रभूने सरोवराच्या काठी त्याला तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती आहे का. फादर म्हणाले, ‘तीनदा का विचारलं? क्षमा केली नव्हती म्हणून? छे. क्षमा तर कधीच झालेली. तो तीन वेळा नाही म्हणाला होता, म्हणून त्याला तीन वेळा हो म्हणायला जागा करून दिली. पण विचारायचं कधी, ते प्रभूने ठरवलं. पेत्राने नाही.’ आणि झारी खाली ठेवून म्हणाले, ‘तू एकदा नाही म्हणालीस. तुला एकदा विचारतील. तोवर काम कर.’

तोवर म्हणजे किती, ते फादर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दोन-चार महिने असतील, असं वाटलं होतं मला.

ताई बोलायला तशाच होत्या. थट्टा तीच, चहा तोच. फरक एवढाच पडला, की पूर्वी माझं ‘हं’ पडलं की त्यांचं बोट लगेच पुढच्या ओळीवर जायचं. आता माझ्या ‘हं’नंतर बोट किंचित थांबायचं. निमिषभर. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. मला प्रत्येक ओळीला कळायचं. दिवसाला आठशे, नऊशे ओळी.

मी एवढंच केलं की काहीही गाळायचं नाही असं ठरवलं. कपड्यावर डाग असला तर डाग आहे म्हणून सांगायचं. कोणी टक लावून पाहत असेल, तर पाहतोय म्हणून सांगायचं. एकदा प्रूफमध्ये माझीच चूक सापडली, ते पुस्तक छापून गेल्यावर. कोणाला कळली नसती. मी जाऊन सांगितली. मामांनी चारशे पानं बदलली, आणि मला आठवडाभर चहा दिला नाही. सुरुवातीला मी हे ताईंनी पाहावं म्हणून करायचे. नंतर ते तसंच पडलं वळणी. तेच आज व्यवस्थापकसाहेबांच्या कोटाला भोगावं लागलं.

ते निमिषभराचं थांबणं कधी गेलं, मला सांगता येत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी विज्ञानाचं पुस्तक तपासताना अचानक ध्यानात आलं, की बोट थांबत नाहीये. मी काही बोलले नाही. ‘हं’ म्हटलं आणि पुढे गेले. पण पत्रं मात्र माझ्याकडे आली नाहीत. भाऊ वारला, तशी त्याची पत्रं थांबली. काका निवृत्त झाले. मग तो बोलणारा फोन आला. छापलेलं काहीही समोर धरलं की वाचून दाखवतो. मला वाटलं, झालं. आता ताईंना कोणावर विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाही. मला विचारायची वेळ येण्याआधीच प्रश्न निकालात निघाला.

गेल्या रविवारी मिस्सानंतर ताई म्हणाल्या, ‘चल, जिन्याखाली बसू.’

बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. कडा मऊ पडलेलं, न फोडलेलं. माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ‘फोनला हाताने लिहिलेलं वाचता येत नाही.’

पाकिटाच्या मागे धाकटीचं नाव होतं, परदेशातला पत्ता होता. शिक्का बावीस वर्षांपूर्वीचा. लग्नानंतर पाच महिन्यांनी आलेलं पत्र.

‘ताई, हे इतकी वर्षं?’

‘काकांनी विचारलं होतं, वाचू का म्हणून. धाकटीचं पत्र फाटकात उभं राहून कसं ऐकणार? म्हटलं, राहू द्या. आणि तुला द्यायला हात होईना. पुढे मग भीतीच वाटायला लागली त्याची. आता मंगळवारनंतर मी इथं नाही. वाच.’

मी फोडलं. वाचायला लागले. थंडी फार आहे, स्वल्पविराम, घर लहान आहे, पूर्णविराम. तुझं लेसचं कापड टेबलावर घातलं आहे, पूर्णविराम. नवा परिच्छेद.

डोळा एक ओळ पुढे पळतो, हे मी मघाशी सांगितलंच. पुढच्या ओळीत लिहिलं होतं: ‘तू त्या खोलीत बसली आहेस हे मला त्या दिवशी माहीत होतं.’

माझा आवाज थांबला. फार नाही. निमिषभर.

ताईंनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. तेच बोट. आणि म्हणाल्या, ‘मध्ये काही गळलं का गं?’

मी म्हटलं, ‘हो, ताई. गळत होतं. वाचते.’

आणि वाचलं. ‘तू त्या खोलीत बसली आहेस हे मला त्या दिवशी माहीत होतं, पूर्णविराम. वहिनीने सांगितलं होतं, पूर्णविराम. दार दहा पावलांवर होतं, स्वल्पविराम, आणि मी आले नाही, पूर्णविराम. मला क्षमा केली असशील तर कोणाकडून तरी एक ओळ लिहवून पाठव, पूर्णविराम. ओळ आली नाही तर मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही, पूर्णविराम.’

ताईंनी माझ्या मनगटावरचं बोट उचललं. मग ताई म्हणाल्या, ‘हं.’

बावीस वर्षं. एका मुलीने परदेशात, लेसच्या त्या कापडापाशी बसून एका ओळीची वाट पाहिली. आणि ओळ आली नाही, म्हणून समजून घेतलं. जे खरं नव्हतंच ते. मी एक परिच्छेद गाळला होता. मला वाटत होतं त्याची किंमत ताईंनी दिली, थोडी मी दिली, आणि ती देऊन झाली. तिसरं कोणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ताईंनी मला बसमध्येच क्षमा केली. पण त्या क्षमेने ते पाकीट उघडलं नाही. ते उघडायला विश्वास लागत होता, आणि तो मी एका ‘नाही’मध्ये मोडून ठेवला होता.

ताईंनी तिथंच उत्तर सांगितलं, मी लिहिलं. दोनच वाक्यं. ‘तुला केव्हाच क्षमा केली. पत्र आज वाचलं.’ मी म्हटलं, ‘ताई, उशीर माझ्यामुळे झाला, तेही लिहू?’ तर म्हणाल्या, ‘ते तुझं. तू वेगळ्या कागदावर लिही.’ मी लिहिलं. मग त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडून वाचून घेतले. चिन्हांसकट. जुन्याच पत्त्यावर पाठवले आहेत, दुसरा पत्ता आमच्याकडे नाही. ती माणसं तिथं असतील की नाही, कोण जाणे. धाकटीही आता पन्नाशीच्या पुढे असेल. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून छापखान्याचाच दिला आहे.

ताई, तुम्ही उद्यापासून त्या टेबलाशी नसाल. तुमच्या खुर्चीत मी काही ठेवणार नाही, मामांचे स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही. पत्र आलं, तर मी ते घेऊन तुमच्याकडे येईन. न फोडता. कोणी वाचायचं, ते तुम्ही ठरवा. आणि नाही आलं, तर तेही येऊन सांगेन. दर महिन्याला. ‘अजून आलं नाही’ असं. ‘येईल हो’ म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही.

मदर, फादर, माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. व्यवस्थापकसाहेब घड्याळाकडे पाहताहेत, ताई, दुसऱ्यांदा. मला इथं उभं राहू दिलंत, निमूट ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपले सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचे आभार, जे त्यांनी वाचलं त्याबद्दल, आणि जे एक पाकीट ‘राहू द्या’ म्हटल्यावर खरोखर राहू दिलं त्याबद्दलही. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेने उदार मनाने सांभाळून घ्यावं.

पण ताईंनी सांभाळून घेऊ नये. ताई, मध्ये काही गळलं का?

…

त्या म्हणताहेत, ‘हं.’

पूर्णविराम.